फक्कीचं गाव

गावात त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी होता, भिंतीचा सरळपणा बघायची ओळंब्याची दोरी कायम खिशात, आणि भिंत असो, फळी असो की समोरच्याची टोपी, वाकडं दिसलं की त्याला चैन पडत नसे. कोणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी बसायच्या आधी एक डोळा मिटून दाराची चौकट बघायचा, आणि घरमालकाचा जीव टांगणीला लागायचा. बायको म्हणायची, लग्नाच्या दिवशी ह्या माणसानं माझं तोंड नंतर बघितलं, आधी आमच्या घराचे कोपरे बघितले.

गाव उतारावर वसलेलं होतं. वरची आळी आणि खालची आळी, मध्ये एकच वाट आणि वाटेच्या कडेनं गटार. वरच्यांचं सांडपाणी त्या गटारातून यायचं, आणि गटार तुंबलं की थेट खालच्यांच्या दारात. दोन आळ्यांचं जमत नव्हतं ते एवढ्यावरून. पण दुसऱ्याच्या खरकट्या भांड्यांचं पाणी ज्याच्या उंबऱ्यात साचतं, त्याला ते 'एवढं' वाटत नाही. ओळंबा खालच्या आळीचा आणि बायको वरच्या आळीची, त्यामुळे गावातलं प्रत्येक भांडण त्याच्या स्वयंपाकघरात पुन्हा एकदा, आणि जास्त तपशिलात, होत असे.

गावात आता जागाच उरली नव्हती. घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली, एका खोलीत दोन संसार आणि मध्ये पडदा. पोरांची लग्नं झाली की ती शहरात भाड्याच्या खोलीत जायची. दवाखाना नव्हता. कोणाचा श्वास अडकला तर टेम्पोत घालून शहर गाठायचं, आणि वाटेत टेम्पोवाल्याचाच श्वास अडकायचा. ओळंब्याची एकुलती एक लेक नर्स होती, शहरातल्या मोठ्या इस्पितळात. तिनं बापाला सरळ सांगून टाकलं होतं. गावात दवाखाना झाला आणि राहायला घर मिळालं तर ती आणि जावई दोघं परत येतील. नाही झालं तर जावयाला परदेशात नोकरी चालून आली होती, तिकडे जातील. ओळंब्यानं त्यावर फक्त "बरं" म्हटलं आणि उरलेलं जेवण ताटात तसंच ठेवलं.

गावाच्या पायथ्याशी मोठा सपाट माळ होता, सरकारी. गाव वाढवायला तो द्यायचं ठरलं होतं. शंभरावर घरं, मधोमध चौक, चौकात दवाखाना, सभागृह, पाळणाघर, वाचनालय, पोरांना खेळायला मैदान. अट एकच, सगळ्या गावानं मिळून होकार द्यायचा. तो होकार दोनदा बुडाला होता. पहिल्या नकाशात घरं सरमिसळ होती, तर वरची आळी उठून गेली. दुसऱ्या नकाशात वरची आळी डोंगराच्या बाजूला आणि खालची पलीकडे, तर खालचे म्हणाले, पुन्हा आम्हीच खाली का? माळ पाटासारखा सपाट आहे, हे सांगून सांगून नकाशाबाईचा घसा बसला. ही नकाशाबाई म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतून आलेली तरुण मुलगी, स्कूटरवर फिरणारी, कानावर कायम पेन्सिल. आता कचेरीनं शेवटची तारीख दिली होती. येत्या रविवारपर्यंत गावाचा होकार आला नाही तर माळावर गोदामं होणार.

तिसऱ्या वेळी नकाशाबाईनं नकाशा भिंतीवर लावलाच नाही. मागच्या वेळी कोणीतरी सभागृहाला मिशा काढल्या होत्या आणि कोणीतरी पेन्सिलीनं दवाखाना आपल्या आळीत ओढून नेला होता. तिनं दोन्ही आळ्यांना शब्द दिला की चौकाच्या डावीकडे वरची आळी, उजवीकडे खालची, एका आळीच्या दारासमोर दुसऱ्या आळीचं दार नाही. आणि म्हणाली, आपण कागदावर भांडायचं नाही. अख्खं गाव माळावर चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापात आखायचं. रविवारी प्रत्येकानं आपापल्या घरात, म्हणजे आपल्या रेघांच्या आत, दिवसभर राहून बघायचं. संध्याकाळी ज्याचा होकार असेल त्यानं घरात उभं राहायचं, नकार असेल त्यानं रेघेबाहेर यायचं.

आखणी अर्थात ओळंब्याकडे आली. दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं बायकोच्या.

"जरा उजवीकडे," तो ओरडायचा.

"जन्मभर तुमच्या उजवीकडेच सरकतेय," बायको सरकता सरकता म्हणायची.

पण काम असं झालं की बघत राहावं. काटकोन म्हणजे काटकोन, गल्ली म्हणजे गल्ली. दाराच्या जागी रेघ तोडलेली, खिडकीच्या जागी बारीक ठिपके. शेवटी राहिले घरांचे क्रमांक. प्रत्येक कुटुंबाला आपला क्रमांक आधीच सांगितलेला होता, फक्त त्या त्या घरात क्रमांकाची खुंटी ठोकायची होती. नकाशाबाईनं कागदावर पहिल्या ओळीचे क्रमांक घालून दिले होते, डावीकडून उजवीकडे, आणि बाकीच्या ओळींना असेच पुढे घालत जा म्हणाली होती. ओळंब्यानं पहिली ओळ ठोकली. ओळ संपली तेव्हा तो माळाच्या उजव्या टोकाला उभा होता, आणि दुसरी ओळ तिथेच, समोर. मोकळ्या हातानं पुन्हा डाव्या टोकापर्यंत कोण जाणार? नांगर वळतो तसा तो वळला आणि येताना दुसरी ओळ ठोकत आला. तिसरी पुन्हा जाताना, चौथी येताना. विटेचे थर तो आयुष्यभर असेच लावत आला होता.

रविवारी सकाळी गाव माळावर उतरलं. खाटा, स्टोव्ह, घागरी, छत्र्या. एका आजोबांनी तर भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं आणि भिंत नसल्यामुळे दिवसभर ते मांडीवर घेऊन बसले. लेकही पहिल्या बसनं आली, दवाखान्याच्या रेघांत टेबल-खुर्ची मांडली आणि रक्तदाब मोजायचं यंत्र काढून बसली.

आणि मग बोंब उठली.

बेकरीवाला म्हणजे ओळंब्याचा मेहुणा, वरच्या आळीचा पुढारी. तो बायको, सुना, नातवंडं आणि पावांच्या दोन टोपल्या घेऊन आपल्या क्रमांकावर पोचला, आणि समोरच्या घरात टपालकाका खाट टाकून बसलेले. टपालकाका निवृत्त पोस्टमन, खालच्या आळीचे पुढारी. दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की मध्ये खरीच भिंत असती तर तिला भेग गेली असती. हे एकाच गल्लीत नव्हतं. माळभर तेच. वरच्या प्रत्येक घरासमोर खालचं घर, दारासमोर दार.

बेकरीवाला तरातरा आला. "दाजी, हा काय प्रकार आहे?"

ओळंबा शांतपणे म्हणाला की एकापासून शेवटापर्यंत एकही क्रमांक चुकलेला नाही, हवं तर मोजून घे. बेकरीवाल्यानं खरंच खुंटीमागून खुंटी मोजली. क्रमांक चोख. ओळंबा चुकत नसतो हे गावाला पाठ होतं, म्हणून सगळा राग नकाशाबाईवर गेला. ती जिल्ह्याच्या कचेरीत शिक्क्याचे कागद आणायला गेली होती, दुपारनंतर येणार होती. तोवर काय करायचं? टपालकाकांनी जाहीर केलं की ते हलणार नाहीत, हलायचं तर समोरच्यांनी. बेकरीवाल्यानं खाट आणखी दोन बोटं पुढे ओढली. दोन्ही आळ्यांत एकानंही आपली घागर उचलली नाही. हटवादीपणात दोन्ही आळ्या सख्ख्या बहिणी होत्या.

सकाळभर गंमत बघण्यासारखी होती. भिंती नव्हत्या, पण सगळे भिंती असल्यासारखे वागत होते. समोर बसलेला माणूस दिसत असूनही दिसत नव्हता. बायका तुटलेल्या रेघेतूनच ये-जा करत. एकाचा पाय चुकून रेघेवरून गेला तर त्याची आईच ओरडली, भिंतीतून कुठे येतोस? बेकरीवाला जरा आडवा झाला आणि घोरायला लागला, तेव्हा टपालकाका हवेला उद्देशून म्हणाले की खरी भिंत असती तरी हे ऐकू आलंच असतं. बेकरीवाल्याच्या बायकोनं आपल्या भांड्यांना उद्देशून उत्तर दिलं की काही लोकांना दुसऱ्यांची पत्रं वाचायची सवय असते, कान तेवढे राहिले होते. ओळंब्याची बायको वाटेत उभी राहून दोन्हीकडचं ऐकत होती. घरचं स्वयंपाकघर आज तिला फारच लहान वाटलं असणार.

ऊन चढलं तशी पोरं आधी फुटली. ती मैदानाच्या रेघांत गेली आणि आळी विसरली. बेकरीवाल्याचा धाकटा नातू खेळून दमला, सावली दिसली तिकडे गेला, आणि टपालकाकांच्या मोठ्या छत्रीखाली, त्यांच्याच खाटेवर, गाढ झोपला. आता त्याला आणायला कोणीतरी जायला हवं होतं. सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी बेकरीवाला उठला, गल्ली ओलांडली आणि टपालकाकांच्या दारात, म्हणजे रेघ तुटली होती तिथे, उभा राहिला. ठोठावायला दार नव्हतं. माणूस गोंधळला. मग त्यानं मूठ हवेत वर केली आणि तोंडानं म्हणाला, "टक टक."

टपालकाका दोन हातांच्या अंतरावर बसलेले, त्याच्याच तोंडाकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची दारं ठोठावलेली.

"कोण आहे?" ते म्हणाले.

आधी टपालकाकांची सून हसली, मग बेकरीवाल्याची बायको, मग सगळी गल्ली. टपालकाकांना स्वतःलाच हसू आवरेना. आत या म्हणाले. बेकरीवाला आत गेला, नातवाला उचलायला वाकला आणि खाटेच्या कडेवर बसला, कारण झोपलेल्या पोराला उन्हात नेऊन काय करायचं. थोड्या वेळानं पावाची एक टोपली गल्ली ओलांडून आली. मग इकडून चहाची किटली तिकडे गेली.

टपालकाकांच्या म्हाताऱ्या आईला मात्र अजून विश्वास वाटत नव्हता. त्या गटाराचं पाणी तिनं लग्न होऊन आल्यापासून झाडूनं लोटलेलं. ती तांब्या घेऊन उठली, दोघांच्या दारांच्या मधोमध गल्लीत गेली आणि तांब्या उपडा केला. पाणी तिथेच पसरलं, थोडं चमकलं, आणि जमिनीत जिरलं. ना ह्यांच्याकडे गेलं, ना त्यांच्याकडे.

"इथं वर कोण आणि खाली कोण?" म्हातारी म्हणाली, आणि परत जाऊन बसण्याऐवजी बेकरीवाल्याच्या घरात जाऊन बसली, तिथे उशी होती म्हणून.

ओळंबा हे सगळं दुरून बघत होता. आपण आखलेल्या रेघांत माणसं भरलेली बघून त्याची छाती भरून आली होती. नकाशाबाईची स्कूटर आली तेव्हा तो कौतुक ऐकायच्या तयारीनंच पुढे झाला. ती माळाच्या कडेला थांबली, एक गल्ली बघितली, दुसरी बघितली, आणि तिनं कानावरची पेन्सिल काढून दातांत धरली. मग तिनं शिक्क्याचा मोठा कागद स्कूटरवर पसरला. कागदावर प्रत्येक ओळ डावीकडून सुरू होत होती. पहिली डावीकडून, दुसरी डावीकडून, तिसरी डावीकडून. पुस्तकातल्या ओळींसारखी.

ओळंब्याला समजायला क्षणही लागला नाही. सकाळी मेहुण्याला किती ताठ मानेनं सांगितलं होतं ते आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

नकाशाबाई म्हणाली की चूक तिचीही आहे, तिनं तोंडी सांगितलं, सगळे क्रमांक लिहून द्यायला हवे होते. रेघा केसभरही हललेल्या नाहीत, फक्त क्रमांक. पण गावाला शब्द दिलेला होता तो ह्या कागदाचा, वेगवेगळ्या बाजूंचा, आणि लोक दिवसभर बसले होते ते दुसऱ्याच मांडणीत. न सांगता मत घेतलं तर लोक होकार एकाला देणार आणि घर दुसरं मिळणार. सांगितलं तर कोण कशावरून बिथरेल, देव जाणे. सांगायचं काम ती करते म्हणाली.

"नको," ओळंबा म्हणाला. "खुंट्या मी ठोकल्यात."

चौकाकडे जाताना वाटेत दवाखाना लागला. लेक कोणाच्या तरी गुडघ्याला पट्टी बांधत होती आणि रेघेबाहेर बाकीचे रांग लावून उभे होते, आळीबिळी न बघता. तिनं बापाकडे बघून मान हलवली, म्हणजे मजेत आहे. तोंड बंद ठेवलं तर संध्याकाळपर्यंत दवाखाना नक्की, असं त्याला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं. तो तिथे जरा जास्तच थांबला. मग त्यानं फक्कीचं रिकामं घमेलं उचललं, चौकात नेऊन उपडं घातलं आणि त्यावर चढला.

त्याला भाषण येत नव्हतं. त्यानं सांगितलं की नकाशाबाईनं दिलेला शब्द पाळला होता. वरची आळी डावीकडे, खालची उजवीकडे, कागदावर तसंच आहे. त्यानं येता-जाता खुंट्या ठोकल्या म्हणून सगळं उलटसुलट झालं.

"चुकलो मी. तुम्ही म्हणाल तर आत्ता खुंट्या बदलतो, ऊन उतरायच्या आत प्रत्येकजण आपल्या बाजूला. पण त्यापायी होकार मोडू नका. एवढंच मागतो."

ओळंबा घमेल्यावरून उतरला आणि पहिली खुंटी उपटायला बेकरीवाल्याच्या घरात शिरला. वाकला. खुंटीवर त्याच्या हाताआधी मेहुण्याचा पाय येऊन बसला.

"दाजी," बेकरीवाला मोठ्यानं म्हणाला, अख्ख्या माळाला ऐकू जावं असं. "माझ्या बेकरीच्या भिंतीला तुम्ही इतकी वर्षं नावं ठेवलीत. आज जन्मात पहिल्यांदा तुमचं काहीतरी वाकडं सापडलं, आणि तेही तुम्ही सरळ करून टाकणार? मी नाही हात लावू देणार."

वरच्या आळीत हशा पिकला. समोरून टपालकाका उठून उभे राहिले. ते हसत नव्हते, आणि ओळंब्याचा जीव पुन्हा टांगणीला लागला. टपालकाका म्हणाले की त्यांची एक अट आहे. सकाळचा पहिला पाव समोरच्या घराला आधी मिळायला हवा, घोरणं ऐकून घेण्याच्या बदल्यात.

"पैसे देऊन," बेकरीवाला म्हणाला.

"देऊनच. फुकटचं तुमच्याकडून सांडपाणी घेतलं, तेवढं पुरे."

हा टोमणा जुना होता, पण आज बेकरीवाल्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, खरं आहे काका.

नकाशाबाईनं तीच वेळ साधली. पावाच्या रिकाम्या टोपलीवर कागद ठेवून, सगळ्यांच्या देखत, जुने क्रमांक खोडून नवे घातले, ओळीमागून ओळ, नांगर वळतो तशी. आजूबाजूला इतकी गर्दी झाली की तिच्या पेन्सिलीला उजेड मिळेना. मग ती घमेल्यावर चढली आणि म्हणाली, चला, आपापल्या घरी.

लोक पांगले. ज्याचा होकार त्यानं घरात उभं राहायचं. ओळंबा आणि बायको आपल्या रेघांत उभे राहिले. तिनं त्याच्या बाहीला हात लावला, लावला असं न दाखवता. तो एकेका गल्लीवरून नजर फिरवत होता. पहिली ओळ भरलेली. दुसरी भरलेली. तिसरी, चौथी. आणि तेवढ्यात टपालकाकांनी रेघ ओलांडून पाय बाहेर टाकला.

टपालकाका गल्ली ओलांडून बेकरीवाल्याच्या दारात गेले आणि आईला म्हणाले, चल, मत द्यायचंय, आपल्या घरात ये. म्हातारीनं उशी आणखी जवळ ओढली. ती म्हणाली, मी इथंच बरी आहे, माझं मत इथूनच धरा.

नकाशाबाईनं ते तिथूनच धरलं. टपालकाका हात हलवत परत आपल्या घरात जाऊन उभे राहिले, आणि एकही चौकोन रिकामा राहिला नाही. वर कोणी नाही, खाली कोणी नाही, एवढा मोठा माळ काठोकाठ भरलेला, आणि म्हातारी सोडून प्रत्येक माणूस आपल्या घरात. नकाशाबाईनं शिट्टी वाजवायची ठरवली होती, पण तिला ओठ जुळवता येईनात. मग पोरांनीच आरोळी ठोकली, आणि त्यामागून गावानं. घागरी वाजल्या, ताटं वाजली. बेकरीवाल्यानं दुसरी टोपली उघडली. घड्याळवाले आजोबा घड्याळ डोक्यावर धरून नाचले. वरच्या आळीच्या बायकांची खालच्या आळीतली घरं आतून बघायची राहिली होती, त्या आता रीतसर दारातून आत जाऊन सगळं बघून आल्या, आणि खोल्या आपल्याहून वीतभरही मोठ्या नाहीत याची खात्री करून घेतली.

ह्या गलबल्यात ओळंब्याला कोणीतरी हाक मारली. लेक दवाखान्याच्या रेघेत कमरेवर हात ठेवून उभी होती. तिची परतीची बस सुटायला वेळ होता, पण तिचं लक्ष बसकडे नव्हतं.

"बाबा, हे दार कोणी काढलं?"

नकाशात आहे तसंच काढलंय, तो म्हणाला.

"ह्या दारातून स्ट्रेचर वळणार नाही. आणि उघडलं तर खाटेवर आपटेल. माझ्या दवाखान्यात असं दार चालणार नाही."

तिनं 'माझ्या' म्हटलं ते तिच्या लक्षातही आलं नाही. ओळंब्याच्या आलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं, आणि जवळ उभ्या असलेल्या नकाशाबाईला विचारलं की चालेल का. नकाशाबाई पेन्सिल हातात घेऊन तयारच होती.

"किती रुंद पाहिजे?" त्यानं लेकीला विचारलं.

तिनं दोन्ही हात पसरून दाखवलं. ओळंब्यानं पायानं जुनी रेघ पुसली, मुठीत फक्की घेतली आणि तिच्या हातांच्या मापानं नवीन दार आखायला खाली बसला.